कंगव्याच्या अंतरावरून

क्रिस्पुलो सुमागायसाय वारला तेव्हा त्याच्या स्टुडिओचं पुढे काय होणार, ही काळजी त्याच्या बायकोपेक्षा गावालाच जास्त लागली. फिलिपिन्समधल्या गिमारास बेटावरचं, बोटींच्या धक्क्याला लागून असलेलं ते गाव. तिथे घर कुणाचंही असो, भिंतीवर क्रिस्पुलोने काढलेला एक तरी फोटो असायचाच. बाप्तिस्म्याचा, शाळा संपल्याचा, लग्नाचा, आणि अखेरीस शवपेटीच्या कडेने सगळं गोत उभं आहे तो. माणूस ताडमाड उंच आणि मितभाषी. लोक त्याला दिव्याचा खांब म्हणत, आणि तोही त्या नावाला ओ देई.

त्याची बायको पुरिंग त्याच्या कोपराला लागेल एवढीच. स्टुडिओत तिचं काम एकच, आलेल्या माणसांना माणसात आणायचं. ती त्यांचे केस विंचरी, कॉलर सरळ करी, तान्ह्याची लाळ पुशी. आखडून बसलेल्या नवरीच्या कानाशी लागून ती असं काही बोले, की नवरी खुदकन हसे. मग पुरिंग चटकन बाजूला सरके आणि खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला उभा असलेला क्रिस्पुलो बटण दाबी. तीसेक वर्षं असंच चाललं होतं. फोटो क्रिस्पुलोचे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. हसू कुणाचं, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही, आणि पुरिंगलाही त्याचं काही वाटलं नाही.

एक गोष्ट मात्र तिला लागली होती. लग्नाच्या पहिल्या वर्षी तिने नवऱ्याला म्हटलं होतं, "मला बघू दे की एकदा त्यातून."

"त्याला उंची लागते गं," तो हसत म्हणाला होता.

थट्टाच ती. तो संध्याकाळपर्यंत विसरलाही असेल. तिने पुन्हा म्हणून कधी विचारलं नाही.

तो गेल्यावर काही दिवस स्टुडिओचं दार बंदच होतं. समोर एल्पीचं दुकान. साबण, सुके मासे, व्हिनेगर, गावातल्या बातम्या, सगळं तिथे मिळे. वयाने मोठ्या बाईला गाव नांग म्हणे आणि मोठ्या माणसाला नोंग. एके सकाळी एल्पी कॉफीचा पेला घेऊन आली आणि दार धडाधडा वाजवत म्हणाली, "नांग पुरिंग, दार उघड. बंद घरात घुशी शिरतात आणि बंद बाईच्या डोक्यात नाही नाही ते. माझ्या भाच्याचा रविवारी बाप्तिस्मा आहे. फोटो तू काढायचेस."

"मी? मला काय येतं?"

"जन्मभर त्याच्या शेजारी उभी होतीस ना? मग! भांड्याशेजारी राहून डावसुद्धा चव शिकतो."

पुरिंगने कॅमेरा उचलला. कोणतं बटण कशाला, उजेड कुठून हवा, हे तिला बघून बघून पाठ होतं. क्रिस्पुलो उभा राहायचा तिथेच ती उभी राहिली आणि तो करायचा तसंच सगळं केलं. फोटो आले तेही बरोबरच आले. उजेड ठीक, चौकट ठीक, डोळे कुणाचे मिटलेले नाहीत. माणसं तेवढी खांबाला बांधल्यासारखी दिसत होती.

एल्पीने फोटो नाकाजवळ धरून पाहिला. "हा बाप्तिस्मा आहे का पोलिसांनी पकडलंय या सगळ्यांना?" असं ती म्हणाली खरी, पण पुरिंगचा चेहरा बघून लगेच तिने जीभ चावली. "चांगलाय गं. बाळ बघ कसं गुबगुबीत आलंय."

पुढच्या दोन-तीन कामांत तेच झालं. पुरिंग मुलाचे केस विंचरी, त्याला हसवी आणि मग धावत खोलीच्या त्या टोकाला जाई. ती पोचून वळेपर्यंत हसू विरून गेलेलं असे. तिथून मोठ्याने काही बोलावं तर गंमत ओरडून सांगता येत नाही. एकदा चिडून तिने मुलाच्या जवळ उभं राहूनच बटण दाबलं. तिच्या नवऱ्याची लेन्स दुरूनच बघायची. एवढ्या जवळून फोटोत आलं फक्त नाक आणि जेमतेम एक डोळा.

आपल्यात नजरच नाही, असं तिने मनाशी ठरवून टाकलं. कॅमेरा एका पिशवीत घातला, वर टॉवेल गुंडाळला आणि सकाळच्या बोटीने ती खाडीपलीकडे इलोइलो शहरात गेली. तिथे चोलेंग उय नावाच्या बाईचं कॅमेऱ्यांचं दुकान होतं. क्रिस्पुलो सगळी खरेदी तिथेच करायचा. चोलेंग साठीची होती. दुकानाच्या पायरीवर बसून ती बाचोय खात होती, आणि शेवयांचा घास तोंडात असतानाच तिने पुरिंगला हाक मारली.

"अगो बाई, दिव्याच्या खांबाची बायको! ये, बस. जेवलीस?"

"जेवले. कॅमेरा विकायला आणलाय."

चोलेंगने वाटी खाली ठेवली. "का?"

"मला जमत नाही."

"फोटो दाखव."

चोलेंगने सगळे फोटो बघितले. मग पुन्हा पहिल्यापासून बघितले.

"काढताना तू कुठे उभी असतेस?"

"तो उभा राहायचा तिथे."

"आणि तो असताना तू कुठे असायचीस?"

पुरिंगने हात पुढे करून दाखवलं. समोरच्याच्या खांद्याला हात लागेल, एवढ्या अंतरावर.

"मग आता तिथे कोण असतं?"

तिथे कुणीच नसतं, हे पुरिंगच्या आजवर लक्षातच आलं नव्हतं.

चोलेंग उठून आत गेली आणि तीन लेन्स घेऊन आली. एक दुधी भोपळ्यासारखी लांब. एक पुढून फुगीर, बेडकाच्या डोळ्यासारखी. तिसरी अगदी छोटी, सपाट, बिस्किटाएवढी. तिन्ही कुणा ना कुणाच्या वापरून झालेल्या होत्या.

"दुसऱ्याची चप्पल घालून किती लांब चालशील? या घेऊन जा, लावून बघ. कुठली पायात बसते ते तुझं तुला कळेल. त्याची लेन्स माझ्याकडे राहू दे, म्हणजे तू परत येशील. कॅमेरा विकायचं तेव्हा बोलू."

"आणि एकही नाही बसली तर?"

"तर अनवाणी आहेसच."

परतीच्या बोटीत पुरिंगने पिशवी मांडीवर घट्ट धरली होती. क्रिस्पुलोची लेन्स मागे राहिली, याने तिला जरा चुकल्याचुकल्यासारखं वाटत होतं. जवळची कुणी व्यक्ती इस्पितळात ठेवून घरी परतावं तसं.

दुसऱ्या दिवशी तिने लांब लेन्स लावली आणि धक्क्यावर जाऊन बसली. डोळा लावला मात्र, ती दचकली. पार पलीकडे तिकीट देणारी बाई जणू हाताशी आली होती. ती खिडकीमागे आरशात बघून गालाला काहीतरी चोळत होती आणि स्वतःशीच बोलत होती, आपल्याला कुणी पाहत नाही अशा खात्रीने. पुरिंगने कॅमेरा खाली घेतला. दुसऱ्याच्या दाराला कान लावताना कुणी पकडावं, तसं तिला वाटलं. मग तिने लेन्स बोटींकडे फिरवली. बांबूचे पंख पसरून येणाऱ्या बोटी, त्यांवरची रंगवलेली नावं, टपावर बांधलेला कोंबडा, सगळं झकास आलं. कोंबड्याची तिला लाज वाटली नाही.

फुगीर लेन्स तिने एल्पीच्या अंगणात लावली. अंगणात आंब्याचं जुनं झाड होतं, आणि ते आजवर कुणाच्याच फोटोत पूर्ण मावलं नव्हतं. या लेन्समध्ये झाड बुंध्यापासून शेंड्यापर्यंत मावलं, खाली एल्पी मावली, कडेला तिचं दुकान आणि दोन कुत्रीसुद्धा मावली. एल्पी बेहद्द खूश झाली.

"आता माझा एकटीचा काढ. जवळून. गळ्यातली साखळी दिसली पाहिजे."

पुरिंग जवळ गेली. फोटो बघून एल्पीने नाकाला हात लावला. "हे माझं नाक आहे? का जहाजाचं टोक? नांग, ही लेन्स त्या चोलेंगला परत दे. म्हणावं, वैऱ्यांसाठी ठेव."

दोघी हसत सुटल्या. क्रिस्पुलो गेल्यापासून पुरिंग इतकी हसली नव्हती. हसता हसताच तिला मधेच हुंदका आला, आणि एल्पीने तो पाहूनही न पाहिल्यासारखं केलं. ती उठून कुत्र्यांवर ओरडायला लागली.

बिस्किटाएवढी लेन्स तिने सगळ्यात शेवटी लावली. एल्पी मासे साफ करत होती, तिचे दोन-चार फोटो काढले. नाक नाकाएवढंच आलं, मासे माशांएवढे. डोळ्याला दिसतं तसंच. मग डोळे काय वाईट आहेत, या विचाराने पुरिंगने ती काढून ठेवून दिली.

शनिवारी सकाळीच तिन्ही लेन्स परत करून नवऱ्याची लेन्स आणायची, असं तिने ठरवलं होतं. कारण रविवारी मोठं काम होतं. ताताय हेर्मो आणि नानाय सालुद, म्हणजे गावाचे हेर्मोबाबा आणि सालुदआई, यांच्या लग्नाला पन्नास वर्षं होत होती, आणि चर्चमध्ये दोघं पुन्हा एकदा लग्नाची वचनं देणार होती. ताताय हेर्मो म्हणजे गावातल्या निम्म्याअधिक बोटी ज्याच्या हातच्या, तो सुतार. पण गेली काही वर्षं म्हातारा एकेक गोष्ट विसरत चालला होता. आधी माणसांची नावं गेली, मग घरचा रस्ता, आणि आताशा कधी कधी बायकोही.

शुक्रवारी दुपारी वारा उलटा फिरला. वादळ दूर होतं, पण समुद्र खवळला आणि धक्क्यावर फळा लागला, बोटी बंद. शनिवारी पुरिंग पिशवी घेऊन तीनदा धक्क्यावर जाऊन आली. तिकिटाच्या खिडकीतली बाई म्हणाली, "नांग, तू पोहत गेलीस तर जाशील."

क्रिस्पुलोची लेन्स खाडीपलीकडे अडकली होती आणि हातात होत्या या तीन परक्या. रविवारी सकाळी पुरिंगने तिन्ही पिशवीत टाकल्या, क्रूसाची खूण केली आणि ती निघाली.

म्हाताऱ्यांची लेक नेनिता मनिलाहून आली होती. सगळा बेत तिचाच. मुला-नातवंडांना सोनेरी रंगाचे कपडे, चर्चपासून घरापर्यंत सोनेरी फिती, अंगणात अख्खं डुक्कर निखाऱ्यावर फिरत होतं. चर्चच्या पायरीवरच तिने पुरिंगला गाठलं.

"नांग, नोंग क्रिस्पुलोसारखेच फोटो हवेत हं मला. माझ्या लग्नात त्याने काढले होते तसे. जोडीचा एक मोठा करून भिंतीवर लावायचाय. दोघं सरळ बसलेली, कॅमेऱ्याकडे बघत."

"बघते," पुरिंग म्हणाली. लेन्सचं बोलायचा तिला धीर झाला नाही.

चर्चमध्ये तिने लांब लेन्स लावली आणि बाजूच्या बाकाआड उभी राहिली. पाद्रीबाबा एकेक वाक्य सांगत होते आणि ताताय हेर्मोला ती म्हणायची होती. पहिलं त्याने म्हटलं. दुसऱ्याला तो अडला. पुरिंगला दुरून, त्या लेन्समधून दिसलं की सालुदने ओठ न हलवता नवऱ्याच्या तळहातावर अंगठा फिरवायला सुरुवात केली आहे. हळूहळू, लहान मुलाला झोपवताना फिरवतात तसा. आणि हेर्मोने पुढचं वाक्य म्हटलं. तेवढे हात पुरिंगने टिपले. यावेळी तिला दाराला कान लावल्यासारखं वाटलं नाही. अंगठा दिसावा म्हणूनच ती तिथे उभी होती.

घरी आल्यावर सगळ्या गोतावळ्याचा फोटो. माणसं मोजायची सोय नव्हती, इतकी. फुगीर लेन्समध्ये सगळे एका दमात मावले. पुरिंग मनात म्हणाली, चला, निभावलं. पण शेवटपर्यंत धावपळ करून नेनिता एकदम कडेला येऊन उभी राहिली होती, आणि कडेच्या माणसांवर या लेन्सचा काय राग होता कोण जाणे. कॅमेऱ्याच्या मागच्या काचेत नेनिताने फोटो पाहिला आणि तिचा चेहरा उतरला.

"ही मी आहे? ही तर म्हैस उभी केल्यासारखी दिसतेय! नांग, हा कुणाला दाखवू नकोस. पुसून टाक."

"पुसते," पुरिंग कसंनुसं म्हणाली. पुढचं काम उभं होतं, त्यात ते राहून गेलं.

आता जोडीचा फोटो. बैठकीच्या खोलीत सोनेरी कापडापुढे दोन खुर्च्या मांडल्या होत्या. लांब लेन्स लावावी तर दोघं मावायला पुरिंगला दाराबाहेर, अंगणात, डुकराच्या धुराजवळ जावं लागलं. तिथून तिने हाक मारली, "ताताय, इकडे बघा!"

हेर्मोने पाहिलं. दाराच्या उजेडात कुणीतरी काळी नळी आपल्यावर रोखून उभं आहे, एवढंच त्याला दिसलं असावं. तो उठला.

"मला जायचंय. बोट सुटेल माझी."

"बाबा, बसा ना," नेनिता त्याला खांद्याने खाली बसवू लागली. "एकच फोटो. पाच मिनिटं. इकडे बघा, हसा."

"तो कोण माणूस आहे? मला काय करतोय तो?"

"कुणी नाही हो. पुरिंग आहे. फोटोवाली."

"फोटोवाला उंच आहे," हेर्मो ठामपणे म्हणाला. "ही नाही."

खोलीत कुणीतरी हसलं. पुरिंगला मात्र ते वाक्य बरोबर जुन्या जागी लागलं. तिने लांब लेन्स काढली. आता काय लावावं? फुगीर लावली तर म्हाताऱ्याचं नाक होडी होणार. हाताला लागलं ते बिस्किट तिने लावलं, कॅमेरा गळ्यात टाकला, आणि खिशातून कंगवा काढून ती सरळ आत आली. फोटोचं राहू दे, आधी या माणसाला बसवू या, एवढंच तिच्या मनात होतं.

"नेनिता, तू जरा बाजूला हो," ती म्हणाली. "ताताय, वाऱ्याने केस बघा कसे झालेत. असे बोटीवर जाणार? लोक काय म्हणतील?"

हेर्मोने केसांना हात लावून पाहिला. मग तो बसला. कंगवा डोक्यावरून फिरायला लागला तसे त्याचे खांदे खाली आले. किती वेळा तिने हे डोकं विंचरलं होतं. त्याच्या नातवंडांच्या बाप्तिस्म्याला, नेनिताच्या लग्नाला. ती हळू आवाजात बोलत राहिली. बोटीला रंग कुठला देणार, नाव काय ठेवणार. हेर्मो उत्तरं देत होता. बोलता बोलता त्याची नजर शेजारच्या खुर्चीकडे गेली आणि तिथेच राहिली.

"ही बाई कोण?" त्याने पुरिंगला हळूच विचारलं. "छान आहे."

नेनिताने मान दुसरीकडे वळवली. पण सालुद जागची हलली नाही. तिला हा प्रश्न नवा नव्हता.

"आवडली का तुम्हाला?" सालुदनेच विचारलं.

"लग्न झालंय का तुझं?"

"झालंय की. एका विसराळू माणसाशी."

"अरेरे," हेर्मो कळवळून म्हणाला. थोडा विचार केला. "मग मला उशीर झाला म्हणायचा."

सालुद हसली. दातांतली फट दिसेल, डोळ्यांतून पाणी येईल, असं तोंडभर हसली, आणि ती हसली म्हणून तोही हसला, आपण काय विनोद केला हे न कळताच. पुरिंगच्या उजव्या हातात कॅमेरा होता, डाव्यात कंगवा. तिने अर्धं पाऊलही मागे घेतलं नाही. डोळा लावला, तर दोघं होती तिथेच, होती तेवढीच, हाताच्या अंतरावर. तिने बटण दाबलं. त्याने बायकोचा हात हातात घेतला, तेव्हा पुन्हा दाबलं.

त्या दिवशी जेवण झाल्यावर फोटो बघून नेनिता म्हणाली, "नांग, रागावू नकोस, पण हा मोठा कसा करणार? एकही जण कॅमेऱ्याकडे बघत नाहीये. नानायचं तोंड उघडं आहे. तुझा कंगवासुद्धा आलाय कोपऱ्यात!"

"तोंड उघडं आहे कारण मी हसतेय," मागून सालुद म्हणाली. तिच्या हातात खरकट्या ताटल्यांची चळत होती. "आणि कॅमेऱ्याकडे बघून काय करू? कॅमेऱ्याशी थोडंच लग्न केलंय. मला हाच हवा."

"पण नानाय..."

"पन्नास वर्षांत आज पहिल्यांदा विचारलं त्याने की लग्न झालंय का. तेव्हा कुठे विचारलं होतं? सरळ माझ्या बापाकडे जाऊन उभा राहिला होता. हाच लावायचा भिंतीवर." असं म्हणून ती ताटल्या घेऊन आत गेली. पुढे कुणाची बोलायची टाप नव्हती.

वारा पडला, बोटी सुरू झाल्या, आणि पुरिंग इलोइलोला गेली. चोलेंगने या वेळी काहीच न विचारता फोटो मागितले. हातांचा पाहिला, मान हलवली. म्हाताऱ्यांचा पाहिला आणि चष्मा काढून पुसला.

"कुठली?"

पुरिंगने बिस्किट काउंटरवर ठेवलं.

"ही माझी."

"घे मग. त्याची लेन्स मला राहू दे, हिशेब मिटला. कॅमेरा विकायचं काय करतेस?"

"कुठला कॅमेरा?" पुरिंग म्हणाली.

चोलेंगने कपाटातून क्रिस्पुलोची लेन्स आणून समोर ठेवली. कड्यावर त्याच्या बोटांनी रंग उडालेला होता. पुरिंगने ती कॅमेऱ्याला लावली आणि दारात उभी राहून रस्त्यापलीकडे पाहिलं. भाजीवाली, रिक्षा, शाळेतून येणारी एक मुलगी, सगळं नीटस, शांत आणि दूर. तो असाच बघायचा सगळ्यांकडे. तिच्याकडेसुद्धा कधी कधी असंच बघत असेल, ती कुणाचे केस विंचरत असताना. हे तिच्या मनात पहिल्यांदाच आलं.

"मला म्हणाला होता, याला उंची लागते," ती म्हणाली. चोलेंगला किंवा कुणाला असं नव्हे. "नव्या लग्नात."

"मग? लागली?"

"लागली असती तरी घरात स्टूल होतंच की गं!"

दोघी हसल्या. मग पुरिंगने तिथल्याच पायरीवर बसून थोडं रडून घेतलं. चोलेंगने आतून पाणी आणून दिलं. लेन्स पुसायची राहिली नव्हती, तरी पुरिंगने झग्याच्या कडेने ती पुन्हा पुसली आणि चोलेंगच्या हातात दिली.

"मागच्या फळीवर ठेव. मी येईन तेव्हा एकदम समोर दिसायला नको."

"उद्याच विकली गेली तर?"

"तर चांगल्या माणसाला विक."

पुढे स्टुडिओ चालू राहिला. सगळ्यांनाच पुरिंगचे फोटो पटले असं नाही. काहींना पाठ ताठ, नजर समोर, असाच फोटो हवा असे. ते शेजारच्या गावी जाऊ लागले. एल्पी मात्र येईल-जाईल त्याला सांगायची, "आमची नांग फोटो काढते ते कळतसुद्धा नाही. दाढ काढल्यासारखं. गप्पा मारता मारता झालेलं असतं."

आंब्याचा मोसम येऊन गेल्यावर एका दुपारी नेनिताचा मनिलाहून फोन आला. इकडची तिकडची विचारपूस झाली. तातायची तब्येत कशी आहे हे पुरिंगला माहीत होतं. तो आता बराचसा वेळ खिडकीतच बसून असे.

"नांग," नेनिता म्हणाली, "तो सगळ्यांचा फोटो होता ना, अंगणातला. माझी म्हैस झाली होती तो. पुसलास का गं?"

पुरिंग ओशाळली. "राहून गेलं बघ. आत्ता पुसते."

"नको, नको! पुसू नकोस." "परवा मी घरी येऊन गेले. बाबांनी मला ओळखलं नाही. चहा दिला तर म्हणाले, ही पोरगी कुणाची, शहाणी आहे. माझ्या भावाने तेव्हाच तुझ्या कॅमेऱ्याच्या काचेवरून फोनवर त्याची छोटी प्रत टिपून घेतली होती, ती मी बघत बसले होते. त्यात सगळे समोर बघतायत, आणि बाबा नाही. तू बघ तरी."

पुरिंगने फोटो शोधून काढला आणि मोठा करून पाहिला. खरंच. इतक्या माणसांत ताताय हेर्मो एकटा मान वळवून पार कडेला बघत होता, सोनेरी कपड्यातल्या घामाघूम झालेल्या नेनिताकडे. अंधार पडायच्या आत सगळी पोरं घरात आली ना, हे मोजून घेताना बाप बघतो, तसं.

"बघतोय गं," पुरिंग म्हणाली. "तुझ्याचकडे."

"मोठा करून पाठवशील?"

"यात जाडी दिसतेस हं तू. आधीच सांगते."

"दिसू दे," नेनिता म्हणाली.

पुरिंगने फोटो मोठा केला, दोन पुठ्ठ्यांमध्ये नीट बांधला आणि धक्क्यावर जाऊन दुपारच्या बोटीने पाठवून दिला. परत आली तेव्हा स्टुडिओच्या पायरीवर एक तरुण जोडपं वाट बघत बसलं होतं, नवीन कपड्यांत, अवघडून, एकमेकांपासून वीतभर अंतर ठेवून.

"कधीचे आलात?" तिने कुलूप काढत विचारलं. "या आत. जेवलात का?"